जिऑलॉजी-एन्व्हायर्नमेंटचा प्रोजेक्ट करायचाय? नाशिकमध्ये राहून विषय कसा निवडायचा

दर जून-जुलैला मला दोन-तीन मेसेज ठरलेले असतात. "दादा, एमएस्सीला प्रोजेक्ट आहे, सध्या कुठला टॉपिक चालतोय?" मग मी विचारतो तुझ्याकडे गाडी आहे का, गावाकडे कोणाची विहीर आहे का, आणि लॅबसाठी खिशात किती पैसे आहेत. पोरांना वाटतं मी टाळतोय. पण खरंच सांगतो, विषय इथूनच निवडायचा असतो. ज्या जागी तुम्हाला वर्षभरात दहा-बारा वेळा जाता येईल तीच जागा तुमचा विषय, बाकी सगळं वाचायला.

वाचायला मात्र मोठं मोठं घ्या, त्यात कंजूषी नको. आपण ज्या काळ्या दगडावर उभे आहोत ना, दख्खनचा बेसाल्ट, त्याच्यावर सध्या जगभर भांडण चालू आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि त्याच सुमारास तिकडे मेक्सिकोत अशनी आदळला, मग डायनासोर नक्की कशाने गेले? २०१९ मध्ये एकाच दिवशी सायन्स मासिकात दोन टीमचे पेपर आले. एकांनी झिरकॉन नावाच्या बारीक खनिजाचं युरेनियम-लेड डेटिंग केलं, म्हणजे त्यातल्या युरेनियम आणि शिशावरून वय काढलं, तर त्यांना लाव्हा चार मोठ्या टप्प्यांत आलेला दिसला आणि त्यातला एक टप्पा अशनीच्या अगदी आधीचा. दुसऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन ही वय काढायची दुसरी पद्धत वापरली तर त्यांच्या हिशोबाने बराचसा लाव्हा अशनीच्या नंतर आलाय. दगड तोच, पश्चिम घाटच, आणि उत्तरं वेगळी. हे वाचून आपल्या पोरांना उत्साह येतो आणि ते गाईडकडे जाऊन म्हणतात मला डेटिंग करायचंय. अरे बाबा, ती मशीनं, ते खर्च, ते दोन-तीन वर्षांचं काम. ते तुम्ही पीएचडीला बघा.

पण त्याच विषयाचा एक तुकडा तुम्हाला जमतो. घाटातल्या थरांचा जो क्रम लावलाय त्यात सगळ्यात खाली जव्हार आणि इगतपुरीचे थर येतात, म्हणजे सगळ्यात जुना भाग आपल्याच जिल्ह्याच्या उंबऱ्यावर. कसारा घाटाकडे एक दगड मिळतो ज्यात फेल्डस्पारचे पांढुरके लांब क्रिस्टल नुसत्या डोळ्यांना दिसतात, कोणीतरी काळ्या लाद्यांत तांदूळ पेरल्यासारखे, त्याला जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट म्हणतात. एखाद्या जुन्या बंद खाणीच्या भिंतीचा नीट लॉग काढा, म्हणजे खालून वर कुठे ठोकळ दगड, कुठे भोकाभोकांचा, कुठे दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा, प्रत्येकाची जाडी टेपने, फोटोत स्केल ठेवून. हा दोन महिन्यांचा चांगला प्रोजेक्ट आहे. फक्त हायवेच्या कडेला उभं राहून करू नका, कसाऱ्यात ट्रक कसे येतात माहितीये ना. आणि चालू खाणीत ब्लास्टिंगची वेळ विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

आता माझ्या आवडीचा विषय, विहीर. मला विचाराल तर नाशिक जिल्ह्यात राहून विहिरीवर काम न करणं म्हणजे लासलगावला जाऊन कांदा न बघता येणं. कारण बघा, इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिथून गाडीवर दीड-दोन तासांवर सिन्नर-येवल्याकडे ५००-६००. दगड साधारण तोच. म्हणजे निसर्गाने तुम्हाला एक्सपेरिमेंट लावूनच दिलाय.

करायचं काय तर पाच-सहा विहिरी निवडायच्या, दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजायची, वर्षभर. ऐकायला शाळेतल्या उपक्रमासारखं वाटतं पण यात चुका करायला भरपूर जागा आहे आणि मी त्या सगळ्या केल्यात. पहिलं म्हणजे टेप. साधा फायबरचा ३० मीटरचा टेप, टोकाला जड नट बांधायचा, शेवटचा मीटरभर भाग खडूने पांढरा करायचा. टेप पाण्यात थोडा बुडवून एका पूर्ण आकड्यावर कठड्याला धरायचा, वर ओढायचा आणि ओला भाग वजा करायचा. कठड्याची उंची जमिनीपासून मोजून तीही वजा करायची, आणि कठड्यावर नेमक्या कुठल्या जागेवरून मोजता तिथे ऑइलपेंटने खूण करून ठेवायची. माझ्या एका विहिरीचा कठडा एका बाजूला सव्वा फूट खचलेला होता, मी दर वेळी जिथे सावली असेल तिथून मोजायचो. चार महिन्यांचा ग्राफ बघून गाईड म्हणाले, पाणी उन्हाळ्यात चढतंय कसं काय?

दुसरी चूक मोठी. मोटर चालू असताना किंवा आत्ताच बंद केल्यावर घेतलेलं रीडिंग कचऱ्यात जातं. विहीर उपसल्यावर पाणी परत वर यायला वेळ लागतो, आपल्या दगडात तर कधी कधी अख्खी रात्र. त्यामुळे तुम्हाला आधी शेतीच्या लाईटचं टाइमटेबल माहीत पाहिजे. बऱ्याच गावांत एक आठवडा दिवसा थ्री फेज, एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात सकाळी लाईट यायच्या आधी जा. रात्रीच्या आठवड्यात मोटर पहाटेपर्यंत चाललेली असते, तेव्हा सकाळचं रीडिंग घ्यायचंच नाही, दुपारी उशिरा घ्या किंवा आठवडा पुढे ढकला. आणि शेतकऱ्याला विचारा, "नाना, शेवटची मोटर कधी बंद केली?" हा कॉलम वहीत नसेल तर बाकीच्या कॉलमला काही किंमत नाही.

मोजून झालं की मजा सुरू होते. समजा दिवाळी ते मे पाणी ५ मीटर खाली गेलं. लोक म्हणतात बापरे केवढं पाणी उपसलं. पण बेसाल्टमध्ये उपसून मिळेल असं पाणी राहतं दगडाच्या साधारण १ ते ३ टक्के जागेत. २ टक्के धरलं तर ५ मीटर म्हणजे फक्त १०० मिलिमीटर पाण्याचा थर. एवढंच. म्हणून आपल्या विहिरी दोन जोरदार पावसांत तुडुंब होतात आणि फेब्रुवारीत तळ दाखवतात, टाकीच छोटी आहे. हा एक हिशोब ज्याला जमला त्याला जलयुक्त आणि पाणलोटाच्या भाषणांमधलं काय खरं काय फुगवलेलं ते आपोआप कळायला लागतं.

अजून पुढे जायचं असेल तर मोटर बंद झाल्यापासून दर पाच मिनिटांनी पातळी मोजत दोन-तीन तास बसा, विहीर किती वेगाने भरते ते मिळेल. शेजारच्या दोन विहिरींत जमीन-अस्मानाचा फरक येतो, कारण एक मांजऱ्यात, म्हणजे भोकाभोकांच्या मऊ दगडात आहे आणि दुसरी काळ्या पाषाणात. विहिरीत वाकून थर बघा, कुठल्या थरातून झरा येतोय, आडवे बोअर मारलेत का, शेतकऱ्याला सगळं पाठ असतं कारण खोदायचे पैसे त्याने मोजलेत. खरं तर अर्धी जिऑलॉजी तिथेच कळते. फक्त वाकताना कोणीतरी सोबत हवं, एकट्याने हे काम अजिबात नाही करायचं.

सरकारी आकडे पण घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणजे जीएसडीए, त्यांच्या निरीक्षण विहिरी तालुक्या-तालुक्यात आहेत आणि ते वर्षातून चार वेळा पातळी मोजतात, केंद्रीय भूजल मंडळाच्या वेगळ्या, बराच डेटा इंडिया-वॉटर रिसोर्सेसच्या पोर्टलवर मिळतो. तुमचा पंधरा दिवसांचा डेटा या चार ठिपक्यांच्या मधली जागा भरतो, तिथेच तुमच्या प्रोजेक्टची किंमत आहे. हे गाईडला पहिल्याच मीटिंगला सांगा.

विहिरीत नायट्रेट पण बघता येतं. निफाड-चांदवडकडे कांद्याला युरिया किती पडतो ते सांगायला नको, वर शौचालयांचे शोषखड्डे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. इथे एक खड्डा आहे ज्यात दरवर्षी कोणीतरी पडतंच. काही लॅब आकडा नायट्रेट म्हणून देतात, काही नायट्रेटमधलं फक्त नायट्रोजन म्हणून. दुसऱ्या पद्धतीत ४५ चा आकडा साधारण १० होतो. रिपोर्टवर कुठलं युनिट आहे न बघता "सर्व विहिरी सुरक्षित" असं लिहिलेला एक रिपोर्ट मी डोळ्यांनी बघितलाय, विहिरी चांगल्या दुप्पट वर होत्या. सॅम्पल घेताना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि दोन दिवसांत लॅबला. मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी सॅम्पल घेतले, लॅब बंद, सोमवारपर्यंत बाटल्या गाडीच्या डिकीत. एप्रिल महिना. बाराच्या बारा सॅम्पल आणि त्याचे पैसे गेले, वर लॅबवाल्याने हसून घेतलं ते वेगळं. सगळे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण, मोजून घेतले असतील तर धन आणि ऋण बाजूची बेरीज जुळते का ते बघा, पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर लॅबला परत विचारायचं, लाजायचं नाही.

द्राक्षवाल्यांच्या पोरांसाठी एक वेगळा विषय आहे, मला तो फार आवडतो पण अजून कोणी नीट मनावर घेतलेला नाही माझ्या ओळखीत. डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी आपण बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं कुठे जातं? ते कुजून जात नाही, धुवूनही फारसं जात नाही, मातीतल्या सेंद्रिय भागाला आणि चिकणमातीला धरून वरच्या वीतभर थरात बसून राहतं. युरोपातल्या जुन्या द्राक्षबागांमध्ये यावर खूप अभ्यास झालाय. आपल्याकडे दिंडोरी-निफाडला वीस-पंचवीस वर्षांच्या बागा आहेत, शेजारीच पाच वर्षांची बाग आहे, आणि बांधापलीकडे कधीच द्राक्ष न लावलेलं शेत आहे. तिन्हीकडून माती घ्या, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटर अशी वेगवेगळी, बोदावरची, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या उंचवट्याची वेगळी आणि दोन ओळींमधली वेगळी. लोखंडी गंजकी फावडी वापरू नका, प्लॅस्टिकचं खुरपं घ्या. एक गंमत लक्षात ठेवा, बेसाल्टच्या मातीत मुळातच तांबं बऱ्यापैकी असतं, त्यामुळे ते न लावलेलं शेत नसेल तर तुमच्या आकड्यांना काही अर्थ नाही, कोणीही विचारेल हे दगडाचं का मोरचुदाचं. आणि बागवाल्याला आधीच शब्द द्या की रिपोर्टमध्ये त्याचं नाव, गट नंबर येणार नाही. एक्स्पोर्टवाला माणूस असतो, घाबरतो, त्याचं बरोबरच आहे.

ज्यांना उन्हात जायचंच नाही त्यांच्यासाठी शेततळी. सिन्नर, चांदवड, येवला, वरून बघितलं तर काळे-निळे चौकोन. पाऊस धरायची ही सोय होती, पण बरीच तळी विहिरीतून नाहीतर बोअरमधून भरतात, म्हणजे जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं. यावर महाराष्ट्रात अभ्यासक भांडतायत आणि विषय गरम आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो २०१५ पासूनचे फुकट मिळतात, १० मीटरचा पिक्सेल, २०१७ पासून साधारण पाच दिवसांनी एक फोटो. प्रश्न साधा ठेवा: तळी भरतात कधी? पाऊस संपल्यावर जानेवारीत जर तळं अचानक भरलेलं दिसलं तर ते पाणी आकाशातून आलेलं नाही. पण तीस बाय तीस मीटरचं तळं म्हणजे फक्त नऊ पिक्सेल आणि त्यातले आठ कडेचे, म्हणून छोट्या तळ्यांच्या क्षेत्रफळावर गमजा मारू नका. कोरड्या तळ्यात अंथरलेला काळा प्लॅस्टिकचा कागद कधी कधी पाण्यासारखा दिसतो, तेव्हा वीस-तीस तळी प्रत्यक्ष जाऊन बघावीच लागतात. उन्हातून सुटका नाही, सॉरी.

गोदावरी. हा विषय सगळेच घेतात आणि सगळे सारखाच करतात, सोमेश्वर, रामकुंड, तपोवन, एकेक बाटली, बीओडी (घाण कुजताना किती ऑक्सिजन खाल्ला जातो), डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), निष्कर्ष नदी प्रदूषित आहे. ते तर माझी आजीपण सांगेल. करायचंच असेल तर दोन गोष्टी धरा. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलंय का ते प्रत्येक सॅम्पलच्या दिवशी लिहा, कारण पाणी सुटलं की सगळे आकडे पातळ होतात आणि नदी सुधारल्यासारखी वाटते. आणि घड्याळ. पाण्यात शेवाळ असेल तर दुपारी ऑक्सिजन भरपूर आणि पहाटे खड्ड्यात, म्हणजे सकाळी सातला एका ठिकाणी आणि दुपारी दोनला दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या बाटल्यांची तुलनाच होत नाही. नासर्डी जिथे मिळते त्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन ठरलेल्या जागी, चोवीस तास दर दोन तासांनी डीओ घ्या, एवढा एकच दिवस सुद्धा वर्षभराच्या सुट्या बाटल्यांपेक्षा भारी पडेल. आपल्याकडे बीओडी २७ डिग्रीला तीन दिवस करतात, परदेशी पेपरात २० डिग्रीला पाच दिवस असतं, ते आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. २०२६-२७ चा कुंभ आहे, म्हणजे आधीची, चालू असतानाची आणि नंतरची स्थिती मोजायची संधी बारा वर्षांनी आलीये. नदीतल्या कुंडांच्या तळाला घातलेल्या काँक्रीटचा वाद पण आहे, त्यावर मत सगळ्यांकडे आहे आणि मोजमाप फार थोड्यांकडे.

खाली नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला सगळे जातात. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. जिऑलॉजीवाल्याने मात्र तिथे गाळ बघावा. गोदावरी आणि कादवा दोघी गाळ आणून टाकतात, बंधाऱ्यामागे बेटं तयार झालीत आणि ती बेटंच पक्ष्यांना आवडतात, म्हणजे धरणाचं दुखणं ते पक्ष्यांचं घर. लँडसॅट उपग्रहांचे १९८४ पासूनचे फोटो काढून बेटं कशी वाढली ते बघता येतं. गाळाचे नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी लागते, अभयारण्य आहे ते, आणि परवानगीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज जुलैतच टाका.

आता एक नवा विषय, जो सध्या पेपरांत जोरात आहे. बेसाल्टची पूड शेतात टाकून हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधायचा. पावसाच्या पाण्यात विरघळलेला वायू दगडाशी रिॲक्ट होतो आणि बायकार्बोनेट बनून वाहून जातो, निसर्गात हे चालूच असतं, फक्त पूड केली की पटपट होतं. आइसलंडला कार्बफिक्स प्रकल्पात वायू पाण्यात विरघळवून थेट जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त दगड झाला, असं २०१६ च्या पेपरात आहे. आपल्याकडे प्रत्येक खडी क्रशरवर डस्टचे डोंगर पडलेत. मग काय, घ्या पोतं आणि टाका कुंड्यांत? घ्याच, पण डोकं लावून. निफाडची काळी माती आधीच बेसाल्टचीच बनलीये, चुनखडीवाली, पीएच आठच्या वर, तिथे पूड ढिम्म हलणार नाही. पेठ-सुरगाणा-इगतपुरीच्या जास्त पावसाच्या लाल आंबूस मातीत भात लावतात, तिथे ती जास्त वेगाने झिजायला पाहिजे. दोन्ही माती, पूड घातलेल्या आणि न घातलेल्या, प्रत्येकी चार कुंड्या, खालून झिरपणारं पाणी गोळा करून त्याची अल्कलिनिटी, म्हणजे त्यात किती बायकार्बोनेट आलं, ते महिन्याला एकदा टायट्रेट करून बघायचं. ब्युरेट आणि ॲसिड कॉलेजात असतंच. सोळा कुंड्या गच्चीवर मावतात. आईला आधी सांगा.

बेसाल्टच्या पोकळ्यांत बसलेल्या झिओलाइट आणि त्यांच्यासोबत मिळणाऱ्या खनिजांबद्दल थोडक्यात. पांडवलेणी परिसरातल्या खाणींतले अपोफिलाइट, स्टिल्बाइट, पॉवेलाइट जगभरच्या संग्रहात आहेत, सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून या, डोळे दिपतात. प्रोजेक्ट म्हणून मात्र नुसती यादी देऊ नका, कुठल्या पोकळीत कुठलं खनिज आधी बसलं आणि कुठलं नंतर, कोण कोणावर चढलंय, तो क्रम लावा.

भूकंपाचं पण विचारतात, कळवण-पेठ-दिंडोरीकडे छोटे धक्के बसतात म्हणून. सिस्मोमीटर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. आपल्या दिंडोरी रोडवर मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, तिथे जाऊन नुसतं समजून घ्या.

वहीचं शेवटचं. एक्सेल नंतर, आधी कागदी वही, पेन्सिलने, कारण पावसात पेनची शाई पसरते. तारीख, वेळ, हवा कशी, सोबत कोण, आणि काय बिनसलं. हा शेवटचा कॉलम मी खूप उशिरा सुरू केला. आणि डेटा ज्याच्या विहिरीचा त्याला परत द्या, पीडीएफ नको, एका पानाचा मोठ्या अक्षरातला ग्राफ, लॅमिनेट करून. सिन्नरकडच्या आमच्या एका नानांनी तो मोटरच्या पेटीत स्टार्टरशेजारी चिकटवला. प्रोजेक्ट संपून तीन वर्षं झाली, टेप मी तिथेच ठेवला होता. अजून पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो येतो, ओल्या भागावर अंगठा धरलेला. मागच्या वेळी खाली व्हॉइस नोट होती, "रात्रीची लाईट आहे या आठवड्यात, हे रीडिंग धरू नको."